कच्चा आवाज

लाँड्रीच्या मागच्या खोलीत कोट टांगायच्या तीन लांब दांड्या होत्या. लोक अजून अंगात जाड कोट घालत, त्या काळात हिवाळा सरताना या दांड्या वजनाने वाकायच्या आणि दोन ओळींमधून जायचं तर आडवं होऊन, पोट आत ओढून जावं लागायचं. बारकीच्या आईला ते दिवस कालच्यासारखे आठवतात. वाफेत भिजलेल्या लोकरीचा वास, पुढे काउंटरवर नवऱ्याच्या गिऱ्हाइकांशी चाललेल्या गप्पा, आणि कोटांच्या आत कुठेतरी बसलेली पोरगी, जिचे फक्त पाय दिसायचे.

ती पोरगी त्या कोटांतच गायला लागली. शिकवलं कुणी नाही. पण कोटांच्या मधे आवाज घुमत नाही, तोंडातून जसा निघतो तसाच कानाशी येतो, हे तिला शाळेत असतानाच कळलं होतं. थोरला भाऊ होता, तो पुढे लवकरच परदेशी गेला, पण त्याच्यामुळे ही बारकी. पुढे ती बापाच्या डोक्यावरून वाढली, दाराच्या चौकटीला कपाळ आपटायला लागली, तरी नाव तेच राहिलं. गाणी करायला लागली तेव्हाही तिने तेच लावलं. आईने सुचवून पाहिलं की चारचौघांत जायचं तर एखादं धड नाव घे. बाबा म्हणाले, राहू दे, एवढ्या उंच पोरीने बारकी म्हणून स्टेजवर यावं, निम्मी करमणूक तिथेच होते.

तिची गाणी कसली, असं कुणी विचारलं तर आईला सांगता यायचं नाही. सिनेमात घालावीत अशी ती नव्हती आणि त्यांच्यावर नाचताही यायचं नाही. एक गिटार, एक छोटा कीबोर्ड, आणि शब्द तिचे स्वतःचे. तेही रोजच्या बोलण्यातले: तुटलेलं बटण, चुकलेली बस, न उचललेला फोन. पहिली काही वर्षं ती कॅफेत गायली. लोक तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि गाणं जरा रंगात आलं की कॉफीचं मशीन फुरफुरायला लागायचं. बाबा न चुकता जायचे, मागे भिंतीला टेकून उभे राहायचे आणि पहिली टाळी वाजवायचे. कधी कधी ती एकटीच टाळी असायची. मग ते हात खिशात घालून छताकडे बघायचे, जणू वाजवणारा दुसराच कुणी.

एक गाणं तिने बाबांची थट्टा करायला रचलं होतं. बाबांना एक खोड होती. गिऱ्हाईक कपडा न्यायला आलं नाही तरी ते तो कधी टाकत नसत. वर्षं उलटली, माणूस गाव सोडून गेला असेल, तरी कोट आपला दांडीवर, अंगावर प्लॅस्टिक, बटणाला नंबर. मधूनच ते एखाद्याचं सुटलेलं बटण लावायचे, कॉलर झटकायचे. आई त्यांना म्हणायची, माझ्या माहेरच्या माणसांची एवढी उस्तवार केली नाहीत कधी. बारकीने त्यावर गाणं केलं, उड्या मारत चालणारं, खट्याळ.

नंबर तुझा जपून ठेवलाय,
बटण एक नवं लावलंय,
ऊन पडलंय बाहेर, तरी
कोट न्यायला ये.

बाबा ते ऐकून इतके हसले की इस्त्री खाली ठेवावी लागली.

मग बाबांची छाती भरली, श्वास पुरेना. वाफेत आणि रसायनांत उभा जन्म गेला होता त्यांचा. हॉस्पिटलात पलंगाशेजारी श्वास देणारं एक मशीन होतं, ते सतत घरघरायचं, आणि बाबांना आधीच कमी ऐकू यायचं. पण दुकानात काय चाललंय ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. कोण आलं, कोण कुरकुरलं, वाफेचा व्हॉल्व्ह गळतोय का. म्हणून मायलेकी आळीपाळीने त्यांच्या कानाशी बसायच्या आणि मशीनवर आवाज चढवून सगळं सांगायच्या. नर्स येऊन दटावून जायची. थोड्याच दिवसांत दोघींचेही घसे बसले. आईचा नुसता खरखरीत झाला. बारकीचा मात्र चिरफाळला, शब्दाच्या मधेच तुटायला लागला.

त्याच आठवड्यात तारवाल्याचा फोन आला. तारवाला म्हणजे तिचा कॉलेजातला मित्र, आपल्या काकांच्या गॅरेजात गाद्या लावून रेकॉर्डिंग करायचा. गळ्यात कायम दोन-चार केबली लोंबत असायच्या म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. त्याने चांगला ड्रम वाजवणारा मिळवला होता आणि तो माणूस तेवढा एकच दिवस मोकळा होता. कोटाच्या गाण्याचा नुसता कच्चा आवाज देऊन जा, तो म्हणाला. यांच्या धंद्यात अशी रीत असते: गाणारीने आधी वाटेपुरतं गाऊन द्यायचं, त्याच्या आधाराने बाकीचे आपापली वाद्यं वाजवतात, आणि शेवटी ते पुसून त्या जागी नीट गायलेलं बसवायचं. शिवणीआधी कच्चा दोरा घालतात तसं. शिवण झाली की तो ओढून काढायचा.

बारकी दुपारी हॉस्पिटलातून गेली, त्या फाटक्या घशाने गाणं एकदा म्हणून टाकलं आणि बाबांच्या चहाच्या वेळेला परत आली. त्यानंतर बाबा जास्त दिवस राहिले नाहीत.

काही महिन्यांनी घसा बरा झाल्यावर तिने ते गाणं पुन्हा, नीट म्हटलं. गॅरेजात नाही, लाँड्रीतच, कोटांच्या मधे मायक्रोफोन लावून. आई बाहेर काउंटरवर होती. आतून येणारा आवाज स्वच्छ होता, धुऊन कडक इस्त्री केलेल्या चादरीसारखा, आणि आईला वाटलं की पोरीने आजवर यापेक्षा चांगलं गायलेलं नाही. अजूनही तिला तसंच वाटतं. पण तसं गायलेलं ते गाणं जगात या दोघींशिवाय आणि तारवाल्याशिवाय फारसं कुणी ऐकलेलं नाही.

कारण तारवाल्याने घोटाळा केला. कच्च्या आणि पक्क्या, दोन्ही फायलींना त्याने एकच नाव दिलं होतं, कच्ची पुसायची ती पुसली नव्हती, आणि गाणं नेटवर चढवताना नेमकी तीच चढवली. त्याच्या लक्षात आलं तेव्हा दोन-तीन दिवस उलटून गेले होते. धावत लाँड्रीत आला, तोंड उतरलेलं, म्हणाला, आत्ता काढतो, पाच मिनिटांचं काम आहे. पण तोवर कुणी ना कुणी ते गाणं पुढे पाठवलं होतं, त्यांनी आणखी पुढे, आणि अनोळखी लोक बारकीला लिहीत होते की आम्ही रस्त्याकडेला गाडी थांबवून रडलो. खट्याळ म्हणून रचलेलं गाणं त्या आवाजात भलतंच होऊन बसलं होतं. आता न्यायला न येणारा माणूस मेलेला होता, आणि तरी कुणीतरी त्याला ये म्हणत होतं.

बारकीने काउंटरला टेकून ते सबंध ऐकलं. मग तारवाल्याला म्हणाली, राहू दे. आईला वाटलं, नाव होतंय म्हणून म्हणाली असेल. त्यात वावगं काय होतं? इतकी वर्षं कॉफीच्या मशीनशी भांडली होती पोरगी.

त्यानंतर सगळं भरभर झालं. गाणं घरोघरी पोचलं. एक व्यवस्थापक बाई आली. चष्मा कायम डोक्यावर आणि दोन फोन हातात, म्हणून आईने मनातल्या मनात तिला चष्मेवाली म्हणायला सुरुवात केली. बाई वाईट नव्हती. आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची, येताना सूप आणायची, आणि बारकीचं काम पोटच्या पोरीसारखं करायची. तिने छोटे हॉल मिळवले, मग त्याहून मोठे. पहिल्या हॉलमध्ये बारकी तिच्या नेहमीच्या, बऱ्या झालेल्या गळ्याने गायली. लोकांनी टाळ्या दिल्या, पण पाहुण्याला देतात तशा. दुसऱ्या दिवशी लिहून आलं की गाण्यातली मुलगी ती ही नव्हेच, रेकॉर्डवर काहीतरी यंत्राची करामत असणार. चष्मेवालीने फार हळुवारपणे विचारलं, तो आवाज पुन्हा नाही का गं काढता येणार?

बारकीला काढता आला. कसा, ते तिने सांगितलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ती बोलायची ती घोगरीच, आणि संध्याकाळी तो चिरफाळलेला आवाज हजर. लोक खूश झाले. आईला वाटलं, असेल काही गाणाऱ्यांची युक्ती, आपण कधी विचारलं नाही आणि आपल्याला कळणारही नाही.

एका दुपारी आई बँकेत जायला निघाली आणि चष्मा विसरला म्हणून वाटेतून परतली. काउंटरवर कुणी नव्हतं. मागच्या खोलीतून दबलेला, गुदमरलेला आवाज येत होता, कुणी उशीत तोंड खुपसून ओरडावं तसा. ती घाबरून पडद्यापर्यंत गेली. कोटांच्या मधे बारकीचे नुसते पाय दिसत होते. चेहरा कुठल्याशा जाड कोटात खुपसून ती घसा फाडून ओरडत होती.

"बाबा, आज फार गर्दी नव्हती. व्हॉल्व्ह बदलला. तो दाढीवाला परत आला होता, डाग निघाला नाही म्हणत होता. मी म्हटलं, डाग नाही तो, कापडच तसं आहे. ऐकलं का? म्हटलं कापडच तसं आहे."

आई पडदा धरून उभी राहिली. आत जावं, तिला जवळ घ्यावं, एवढं साधं सुचायला हवं होतं, पण सुचलं ते इतकंच की व्हॉल्व्ह बदलल्याचं आपण त्यांना सांगितलंच नव्हतं. मग ती आवाज न करता बाहेर आली, बँकेत गेली, आणि चष्म्याशिवाय जमेल तेवढं काम करून आली. बारकीला त्यातलं अवाक्षरही बोलली नाही.

घशाच्या डॉक्टरांकडे मात्र तिला ओढून नेलं. डॉक्टर वयस्क होते, थोडे चेष्टेखोर. नळी घालून गळ्यात पाहिलं आणि पडद्यावर दोघींनाही दाखवलं. आवाजाच्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी गाठी आल्या होत्या, डाळीच्या दाण्यासारख्या, समोरासमोर. "हा गळा आहे, दाराची बिजागरी नव्हे," ते म्हणाले. "कुरकुरतंय ते छान वाटतं म्हणून कुणी बिजागरी तशीच ठेवत नाही. आणि ठेवली तर एक दिवस दार हातात येतं." आत्तापासून गप्प राहिलात तर कदाचित आपोआप बसतील, नाहीतर कापून काढाव्या लागतील. बारकी शहाण्या मुलीसारखी मान हलवत होती. बाहेर आल्यावर म्हणाली की मोठ्या हॉलचा कार्यक्रम तेवढा होऊ दे, मग मी म्हणाल तितके दिवस गप्प.

त्या मोठ्या हॉलला आई गेली. आयुष्यात इतकी माणसं एका छपराखाली तिने पाहिली नव्हती. चष्मेवालीने तिला स्टेजच्या कडेला, पडद्याआड खुर्ची दिली होती. शेजारी तारवाला, गळ्यात केबली, नखं कुरतडत. पहिली काही गाणी बारकीने कशीबशी रेटली. आईला तिच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. मग कोटाचं गाणं आलं आणि लोक नुसत्या सुरुवातीलाच ओरडले.

पहिलं कडवं पार पडलं. दुसऱ्यात "ऊन पडलंय बाहेर" म्हणताना आवाज तुटला. नेहमी तुटायचा तसा नाही. तुटला आणि पुढे काही आलंच नाही. बारकी तोंड उघडून उभी होती, गिटारवरची बोटं चालत होती, आणि माइकमधून फक्त हवा येत होती. तारवाल्याने आईचा दंड घट्ट धरला. अख्खा हॉल गप्प झाला, इतका की आईला पडद्यामागच्या पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. आणि मग लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतली एक मुलगी हुंदके देत होती. गाता गाता हिचा ऊर भरून आला, असं त्यांना वाटलं होतं. आजवरच्या कुठल्याही गाण्याला एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

आतल्या खोलीत बारकी आरशासमोर बसली. चष्मेवालीचे डोळे ओले होते. ती म्हणाली, असं काही मी जन्मात पाहिलं नाही, आणि मग, कामाची माणूस असल्यामुळे, पुढच्या कार्यक्रमातही ते थांबणं तिथेच ठेवायचं का असं विचारलं. तारवाला बाहेर निघून गेला. बाईला फोन आला तशी तीही गेली.

आईने दार लोटून घेतलं.

"त्यांना तुझं गाणं नकोय गं," ती म्हणाली. "तुझं आजारपण हवंय."

बारकी कुजबुजली. कुजबुजसुद्धा अर्धीच बाहेर येत होती. "मला पण तेच हवंय."

"असं काय बोलतेस?"

"चांगल्या गळ्याने म्हटलं ना, की ते नुसतं कोटाचं गाणं होतं. बाबा नसतात त्यात. या आवाजात असतात. पलंगावर, असे कान करून. आवाज गेला की ते पण गेले."

आईने तिच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, उगाच घडी घातली, पुन्हा उलगडला. तिला पडद्यामागची ती दुपार सांगायची होती. वेगळंच तोंडातून निघालं.

"मी पण ओरडतच होते ना त्यांच्याशी? माझा पण घसा गेला होता. माझा आपोआप बरा झाला. पंधरा दिवसांत. मी त्याला काय करायचं होतं?"

बारकीने आरशातून तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत आईच्या घशाची आठवण कुणालाच झाली नव्हती, तिची तिलासुद्धा नाही. बाहेर माणसं खुर्च्या गोळा करत होती, त्याचा खडखडाट येत होता.

सकाळी बारकी उठली ती मुकीच. कुजबुजही उमटेना. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी गाठी काढल्या आणि तिला कडक मौन सांगितलं.

मौनाचे ते आठवडे आईला विचित्र गेले. बारकी काउंटरवर बसायची, गिऱ्हाइकांना खुणेने बोलायची. एक म्हातारे गृहस्थ समजले की ही बहिरी आहे, आणि मोठमोठ्याने ओरडून आपल्या पॅंटवरचे डाग सांगू लागले. ती हसली, पण आवाजाशिवाय, आणि आईने पुढे होऊन पॅंट घेतली. घरात आई एकटीच बोलायची. बडबडीने भिंती भरून टाकायची, आणि मधेच थांबून आपलाच नितळ आवाज ऐकून गप्प व्हायची.

चष्मेवालीने शक्य तितके दिवस वाट पाहिली. मग पुढचे हॉल दुसऱ्या एका मुलीकडे गेले. एव्हाना तसं चिरकं, तुटक गाणाऱ्या बऱ्याच मुली निघाल्या होत्या. त्यातली एक खरंच बरी गायची. बाई स्वतः येऊन सांगून गेली, बारकीचे दोन्ही हात हातात घेऊन, आणि जाताना आईला, गुडघ्यांना तेल लावायला विसरू नका, म्हणाली. तारवाला मात्र रोज संध्याकाळी यायचा, कपड्यांना नंबर लावायला मदत करायचा. तो एकदाच बोलला. ती नीट गायलेली फाईल आपल्याकडे अजून आहे, तू म्हणशील तर चढवू, असं तो म्हणाला. बारकीने मान हलवून नको म्हटलं.

मुदत संपली तेव्हा दोघी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, पडद्यावर दाखवलं. पट्ट्या गुळगुळीत, मोत्यासारख्या पांढऱ्या. ते आपल्या कामावर खूश होते. "बोला आता," ते म्हणाले. "हळू. नुसतं आ."

बारकीने ओठ ओले केले. आईने खुर्चीचा हात धरला. तिला काय हवं होतं तेच तिला त्या घडीला कळत नव्हतं.

"आ," बारकी म्हणाली.

आवाज स्वच्छ होता. कुठे चीर नाही, खरखर नाही. कॉलेजात जायच्या दिवसांतला, कोटांच्या आतून यायचा तोच, बापाचं आजारपण ज्याने कधी पाहिलंच नव्हतं असा आवाज. डॉक्टर म्हणाले, वा, पुन्हा. तिने पुन्हा म्हटलं. मग त्यांनी स्वतःचं नाव सांगायला लावलं, आजचा वार सांगायला लावला. सगळं तिने न अडखळता सांगितलं, आणि सांगताना तिचे डोळे भरून येऊन गालावरून पाणी ओघळत होतं. डॉक्टरांनी टिशूचा डबा पुढे केला. असं होतं बऱ्याच जणांना, ते आईला म्हणाले, आनंदाने होतं.

आई हो म्हणाली. त्यांना दुसरं काय सांगणार?

दोघी चालतच निघाल्या. दुकानं उघडत होती, शटर वर जात होती, एक माणूस पदपथावर पाणी मारत होता, त्याच्यासाठी त्या थोडं थांबल्या. आईने बारकीचा हात धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. बारकीने सोडवून घेतला नाही. आता बोलायला काही हरकत नव्हती. तरी घरापर्यंत कुणीच बोललं नाही.